गणित बरोबर, बूट चूक

प्रिय मावशी,

पाकीट बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग मामाला हाक मारून विचारशील, की या पोरीला फोन करायला काय झालं होतं. काही झालेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत, आईची कुरकुरही जागच्या जागी आहे. पण यातलं निम्मंसुद्धा मला फोनवर बोलता आलं नसतं. "पुरे गं, चढवू नकोस मला" म्हणून तू मामाच्या खोकल्याची बातमी सुरू केली असतीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात मी माझ्या शाळेत गेले होते. तोच हॉल, तेच हिरव्या कापडाचं टेबल, पण या खेपेला मी टेबलाच्या पलीकडे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना शाळा सोडण्याआधी बाहेरच्या तिघांसमोर उभं राहावं लागतं ना, त्या तिघांपैकी एक म्हणून मला बोलावलं होतं. हसू नकोस. चेहरा जमेल तितका गंभीर ठेवून बसले होते. एका मुलीनं बेकरीत काम केलं होतं. तिचा पाव कसा आहे ते सांगायला तिच्या शेजारीणबाई आल्या होत्या आणि "उत्तम, उत्तम" असा घोष लावून होत्या. त्यांच्या ताटलीतला तुकडा मात्र एका घासानंतर तसाच पडला होता. मला तुझी इतकी आठवण झाली, की माझी प्रश्न विचारायची पाळी आली तरी मी त्या तुकड्याकडेच बघत राहिले.

हा नियम आमच्याच वर्षी आला होता. आमच्या आधीच्यांनी पेपर लिहिले, गुण मिळवले आणि सुटली बिचारी. मग शिक्षण खात्याच्या ध्यानात आलं, की पोरं पेपरात हुशार निघतात, पण कॉलेजात गेली की स्वतःचं स्वतः काही सुचत नाही आणि कामाला लागली की हात चालत नाहीत. म्हणून काही पेपर कमी केले. त्यांच्या जागी एक सहामाही खऱ्याखुऱ्या कामाच्या ठिकाणी काढायची, कुणाच्या तरी उपयोगाची एक वस्तू करायची आणि ती वापरणाऱ्या माणसाला सोबत घेऊन त्या तिघांसमोर उभं राहायचं. कॉलेजला जाणाऱ्यांचीही यातून सुटका नव्हती. हे पार पडल्याशिवाय दाखला नाही. आईनं तर घर डोक्यावर घेतलं होतं. वर्गात पहिली येणारी मुलगी, तिला हातोडी धरायला पाठवतात म्हणजे काय! मलाही तसंच वाटायचं. इंजिनिअरिंगला माझी जागा ठरल्यासारखीच होती, फक्त दाखला नेऊन द्यायचा होता. बुटांचं दुकान मी निवडलं ते घरापासून सगळ्यात जवळ होतं म्हणून. तेवढाच अभ्यासाला वेळ!

दुकानही कसलं, तर ज्यांचे पाय चारचौघांसारखे नाहीत त्यांच्यासाठी बूट करणारं. मालक दिवसभर तोंडात खिळे धरून बोलायचे. 'खिळेमास्तर' हे नाव तुझंच. बूट तयार झाला की गिऱ्हाइकानं तो घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, आणि मग मास्तर त्याच्याशी निवांत गप्पा मारत बसायचे. त्याशिवाय बूट दुकानाबाहेर जायचा नाही. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

आणि माझ्याकडे तर तू होतीस, घरातलं आयतं गणित. लहानपणी जिन्यावरून पडून मोडलेला तुझा पाय आखूड जुळला, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. मी तुला भिंतीशी उभी केली, त्या पायाखाली पातळ फळ्या सरकवत तुझी कंबर सरळ रेषेत आणली, फळ्यांची उंची मोजली आणि बुचाचे तेवढेच थर बुटाच्या तळाला चिकटवले. केसाचाही फरक नाही! मास्तरांना न दाखवता बूट घरी आणले, कारण तू काय परकी होतीस? ते घालून तू आरशासमोर उभी राहिलीस, दोन्ही खांदे एका पातळीत. आईचे डोळे भरून आले. आणि तू म्हणालीस, "अगं बाई, मी एवढी उंच आहे होय!" मी हवेत होते.

मग तो दिवस. टेबलामागे एक परिचारिका, एक बँकेतल्या बाई आणि बसच्या गॅरेजचे मालक. निघताना आईनं तुला चहासोबत पढवलं होतं, की छान आहेत म्हण, फार बोलू नकोस, पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे. मी तिथेच तक्ते गुंडाळत होते, मला सगळं ऐकू येत होतं. हॉलमध्ये मी तक्ते लावले, आकडे सांगितले, परिचारिकाबाई मान डोलावत होत्या. मग गॅरेजवाल्यांनी तुला सहज विचारलं, की कसे आहेत बूट? तू खाली वाकलीस, नाडी सोडलीस आणि बूट काढून त्या हिरव्या कापडावर ठेवलास. इतके दिवस रोज घातलेल्या बुटाचा तळ कोरा करकरीत होता. "मोजमाप बरोबर आहे पोरीचं," तू म्हणालीस, "पण मला यात चालवत नाही. कंबर धरते. सकाळी घालून निघते आणि कोपऱ्यावर पिशवीतल्या जुन्या चपला काढते. ती हुशार आहे हो, आमची पंडितीणच, पण दुखतंय का, हे तिनं विचारलंच नाही."

माझ्या कागदावर 'अजून नाही' असा शेरा पडला. नापास नव्हे, अजून नाही. पण आम्हाला घरी दोन्ही सारखंच. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. आईनं तुझ्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून तुम्ही दोघी बहिणी माझ्यामार्फत मीठ मागायच्या. खरं तर मीही तुझ्याशी अबोला धरला होता, त्यामुळे तो निरोप मी फक्त वाटी आदळून पोचवायचे. तू मात्र माझ्या टेबलावर चहा ठेवून जायचीस, रोजच्यासारखा.

दुकानात परत गेले तेव्हा मास्तरांनी तोंडातले खिळे काढून बाजूला ठेवले. मी घाबरलेच. ते म्हणाले, "इतकी वर्षं त्या बाईंच्या कंबरेनं आपली आपली सोय लावलीय. ती तू एका दिवसात मोडायला निघालीस? आधी निम्मं दे. कंबर हो म्हणाली की आणखी थोडं. आणि हो म्हणाली का, ते तुझी पट्टी सांगणार नाही, त्याच सांगतील." म्हणून मी रोज सकाळी तुला कामावर पोचवायला तुझ्यासोबत टपाल कचेरीपर्यंत चालायला लागले. रुसवा होताच, त्यामुळे बोलायचं काही नव्हतं. फाटकापाशी मी विचारायची, "दुखतंय?" भाजीवाल्याच्या दुकानाशी पुन्हा, "दुखतंय?" तू इमानेइतबारे सांगायचीस, टाचेला नाही, मांडीला ओढ बसतेय. पुढे कधीतरी तू त्या उत्तराला कचेरीतल्या साहेबांची एखादी गंमत जोडायला लागलीस. मग मी हसायला लागले. तुझा-माझा अबोला कधी संपला ते मला सांगताच येणार नाही, तो त्या रस्त्यावर कुठेतरी पडला. पुढच्या सहामाहीला परिचारिकाबाईंनी बूट उलटा करून पाहिला, तळ छान झिजलेला होता, आणि त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

कॉलेज मला वर्षभर उशिरा मिळालं. पण ज्या कामावर मी आज पोट भरते, ज्या कामावर माझा जीव आहे, ते मला तुझ्या त्या कोऱ्या तळानं दिलं. हॉस्पिटलात बूट करून घ्यायला माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येकाला मी मोजपट्टी हातात घेण्याआधी विचारते, की कुठे दुखतं. त्या हॉलमध्ये सगळ्यांनी माझं कौतुक चालवलं असताना तू एकटीनं माझी काळजी घेतलीस, मावशी. तेव्हा मला तो दगा वाटला होता. तुझे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली, पण आज मानतेय आणि तू विषय बदलू शकत नाहीस. शाळेनं त्या दिवशी आम्हा तिघांना विचारलं, की कॉलेजला जाणाऱ्या मुलांना आता या कामातून सूट द्यावी का. मी म्हटलं, बाकी कुणालाही द्या, त्यांना तेवढी देऊ नका. आणि त्या बेकरीवाल्या मुलीला मी हळूच म्हटलं, की बाईंना विचार, उरलेला पाव का नाही खाल्ला. बाई म्हणाल्या, "मीठ फार आहे गं." पोरगी रडली, पण तिनं ते लिहून घेतलं.

आता मुद्द्याचं. खुब्याच्या ऑपरेशनानंतर आईचा एक पाय जरा आखूड झालाय हे तुला ठाऊक आहे. तिचे बूट मीच केले, निम्म्याच उंचीचे, शहाण्यासारखे. रोज विचारायची आणि रोज एकच उत्तर, "छान आहेत गं." तळ पाहावा तर कोरा. मी बूट गुपचूप जागेवर ठेवायची. काल संध्याकाळी चहाच्या वेळी ती वाकली, कण्हत कण्हत नाडी सोडली आणि बूट काढून टेबलावर ठेवला, साखरेच्या डब्याशेजारी. "दुखतंय," म्हणाली. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "धाकटीला कळव." काय कळवू, म्हटलं. त्या अबोल्यानंतर तुम्ही पुन्हा बोलायला लागलात, एकमेकींकडे राहिलात, आजारपणं काढलीत, पण त्या हॉलचं नाव दोघींनी कधी काढलं नाही. "कळव," ती म्हणाली, "की मीसुद्धा खरं सांगितलं." आत्ता ती समोर बसून पेपरचं एकच पान केव्हाची वाचतेय. लिहिलंस का, म्हणून तिनं दोनदा विचारलं. लिहिलं, म्हटलं.

तुझीच,
पंडितीण