बेटावर आम्ही तिघं

मालेगाव (जहाँगीर),
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजपाल,

जय सेवालाल. आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुझी तूर निघाली असेल, हरभराही भरत आला असेल. दुकान ठीक चाललं आहे. सध्या क्लच प्लेट आणि चेनसेट यांनाच जास्त गिऱ्हाईक आहे. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद घेतला.

श्रीलंकेला जाऊन आलो. वाशिमला कॉलेजात असताना तूच काढलेला बेत तो. लोणार झालं, चिखलदरा झालं, आता गाडीवर एक अख्खं बेट फिरायचं, असं तू म्हणायचास. तू, मी आणि अमरदीप. तू नसताना जावं की नाही, यावर आम्ही बरेच दिवस घालवले. शेवटी गेलो. तुझ्या जागी कोण होतं, ते पुढे येईल.

तीन गाड्या भाड्यानं घेतल्या. आपल्या लायसनवर तिथला वेगळा परवाना काढावा लागतो, तो काढला. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे अवघड गेलं नाही. हॉर्न मात्र आपल्याइतका कोणी वाजवत नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं वाजवत होतो. एका म्हातारीनं रस्त्याच्या कडेला थांबून माझ्याकडे असं पाहिलं की मी वाजवणं सोडलं.

कॅंडीला अमरदीपनं विहारात फुलं वाहिली. मी बाहेर गाड्यांजवळ बसून पिवळ्या शहाळ्याचं पाणी प्यालो. पुढे डोंगर लागला. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, आणि मळ्यात पाठीवर ओझं घेतलेल्या बाया. थंडी एवढी की रेनकोट अंगातून काढवेना. तुला आवडलं असतं. हे मी सारखं लिहिणार नाही, पण एकदा लिहून ठेवतो.

एल्लाहून खाली उतरताना अमरदीप पडला. उतार होता, रस्ता ओला होता, समोरून वळणावर बस आली. त्यानं पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्या अंगाखालून निघून गेली. बसवाल्यानंच थांबून त्याला उचललं. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात हात गळ्यात बांधून दिला आणि घरी गेल्यावर दाखवा म्हणाले. त्याची गाडी मालकानं टेंपो पाठवून नेली.

मी म्हणालो, आता कार करू आणि माघारी जाऊ. अमरदीपही हो म्हणाला. तेव्हा अंजू म्हणाली, "कायले? मी आहो ना. मांगं बस अन् हात हालवू नको."

हो, तुझी बहीण अंजू होती. पहिल्या दिवसापासून होती, स्वतःच्या गाडीवर. नवऱ्याच्या मागे बसून बेट पाहणार नाही, असं तिनं अकोल्यातच सांगितलं होतं. मी वर सगळीकडे "आम्ही" लिहिलं, कारण तिचं नाव दिसताच तू कागद फाडशील असं वाटलं. इथपर्यंत आला आहेस तर पुढचंही वाच.

डोंगरापासून समुद्रापर्यंत तिनं नवऱ्याला मागे बसवून गाडी नेली. मी मागून चाललो होतो. खड्डा दिसला की आधीच हळू व्हायची, पुढे गेल्यावर एकदा मान वळवून त्याला काहीतरी विचारायची. वळणावर डावा कोपर बाहेर निघतो तिचा. ही सवय कोणाची, ते मी तुला सांगायला नको. तांड्यामागच्या पांदणीत तूच तिला गाडी शिकवलीस, आणि ती नाल्यात गेली तेव्हा तुझ्या वडिलांना, हरिसिंगकाकांना, खोटं सांगितलंस की गाडीवर तूच होतास म्हणून.

समुद्र आला तेव्हा दुपार होती. अमरदीप वाळूत झाडाखाली आडवा झाला. तेवढ्यात दुकानातून आमच्या अख्तरीचा व्हिडिओ कॉल आला. मी नसलो की दुकान तीच पाहते. फोनवर मात्र याडी होती, तुझी आई.

बाजाराच्या दिवशी याडी माझ्या दुकानात टेकते, हे तुला माहीत आहे. गुडघे दुखतात म्हणून टेकते, असं तू समजतोस. ती फोनवर अंजूशी बोलायला येते. अंजूनं अमरदीपशी लग्न केलं त्या उन्हाळ्यापासून येते. काका गेल्यावर तू घरात बजावलंस की तिचं नाव काढायचं नाही. ते याडीनं पाळलं. तिनं नाव घरात काढलं नाही, माझ्या दुकानात काढलं. मी अडवलं नाही आणि पुढेही अडवणार नाही. तुला राग यायचा तो येऊ दे.

अंजूनं फोन समुद्राकडे फिरवला. याडी पाहत राहिली. मग म्हणाली, "हे इतकं पानी शेताले काहून नाही देत?" आम्ही हसलो. हसताना फोन हलला आणि तिला अमरदीपचा बांधलेला हात दिसला. मग दोघी तुमच्या बोलीत बोलल्या. अंजूनं सगळं सांगितलं. गाडी कोणी आणली, असं याडीनं विचारलं. अंजू म्हणाली, मी.

याडी म्हणाली, "राजपालनं शिकोली होती तुले." अंजूनं फोन माझ्या हातात दिला आणि पाण्याकडे चालत गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला.

मला याडी म्हणाली, "जावई पडला अन् मी इथं बसून राह्यली. मले पोरीच्या घरी जा लागते. तनवीर, तू राजपालले लिव्ह."

मी म्हणालो, "याडी, तुमीच सांगा ना त्याले."

"तो चिडला का मले रडू येते. रडली का तो म्हणते, तुले कोनं शिकोलं. तू लिव्ह. तो एकटा बसून वाचन."

बाकी बेट पाहायचं राहिलं. आम्ही किनाऱ्यानं कोलंबोला आलो, गाड्या परत केल्या, विमानात बसलो. अमरदीपचं हाड जुळत आहे. अंजूनं तुझ्यासाठी काही सांगितलं का, हे तू विचारशील असं वाटत नाही, पण सांगतो: काही नाही सांगितलं. फक्त तुझ्या घरासमोरचा रस्ता डांबरी झाला का, हे विचारलं.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. आजच्या बाजारात याडीच्या हातात देतो आहे. तिला वाचता येत नाही, पण इथपर्यंतचं मी तिला दोनदा वाचून दाखवलं आहे. शुक्रवारी ती अकोल्याला जाणार आहे, कपडे तिनं आधीच बांधून ठेवले आहेत. तू नेलंस तर तुझ्यासोबत, नाही तर एसटीनं. मी नेणार नाही. मी तिला तसं सांगितलं, आणि तिला ते पटलं.

तू हे वाचून संपवशील तेव्हा ती चुलीजवळ पाठ करून बसलेली असेल. पीठ मळत असेल किंवा नुसतीच बसली असेल. तिला पत्राचं काही विचारू नकोस. शुक्रवारी किती वाजता निघायचं, एवढंच विचार.

अजूनही तुझा,
तनवीर