एल्वुडचे काम

इंडियाना, रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ऑर्फाताईस थर्झाचा नमस्कार,

सकाळी प्रार्थनासभेला गेले. दुपारी सूप घेऊन थोडी पडले. तब्येत बरी आहे. झोप तेवढी लागत नाही, पण लागेल हळूहळू.

सभेतले आमचे तासाभराचे मौन शेजारी बसलेल्याचा हात हातात घेऊन संपवायचे, हे काम इतकी वर्षे माझ्या एल्वुडचे होते. तो गेल्यावर ते कोणी करायचे, हे ठरवायचेच राहिले. आज तास उलटला तरी सगळे गप्प. मला वाटले, प्रार्थनेत आहेत. खरे तर सगळे सवयीने त्याचीच वाट पाहत होते.

शेवटी म्हातारे लिंडली म्हणाले, “थर्झावहिनी, आता तूच हात दे बाई. उशीर झाला तर सून घरात घेणार नाही मला!”

सगळे हसले. तो गेल्यापासून मीही पहिल्यांदाच हसले आणि त्यांचा हात धरला. मग एकेक जण माझा हात हातात घेऊन गेला. कोणी सांत्वन केले नाही, याचे फार बरे वाटले. त्या शांततेत मी एकटी नव्हते.

घर विकून तुझ्याकडे यायचे कालपर्यंत नक्की होते. आता रागावू नकोस, इथेच राहीन म्हणते. हात देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

भावोजींचा खोकला कसा आहे?

अंधार पडायच्या आत दोरीवरचे कपडे काढून आणते.

तुझी,
थर्झा