देवमाशाच्या पोटात ऐकलेलं

प्रिय अहो आई,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. मुंगीचा पुढचा दात अखेर आला. जरासा तिरका आलाय, त्यामुळे हसली की आणखीच लबाड दिसते. मी त्याच दुकानात आहे. सकाळभर मशीनवर चष्म्याच्या काचा घासते आणि दुपारी गिऱ्हाइकांना फ्रेम चढवून आरशासमोर उभं करते. परवा एक आजोबा नवा चष्मा लावून आपल्या बायकोकडे टक लावून बघत राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता नीट बघून काय करणार, बदलून थोडीच मिळणार आहे." दुकानातले सगळे हसलो. तेव्हाच वाटलं, हे अहो आईंना सांगायला हवं. असं खूप वेळा वाटतं. पण फोन केला की तुम्ही "बरं बरं, मुंगीला जप" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून लिहायला बसले. कागद मध्येच ठेवून देता येत नाही, निदान तुमच्या स्वभावाला तरी ते जमायचं नाही.

गेल्या रविवारी आम्ही आपल्या त्या सिमेंटच्या देवमाशाकडे गेलो होतो. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. मुंगी अधूनमधून विचारायची, आणि मी कधी गाडीचं, कधी डोकेदुखीचं कारण सांगायचे. खरं सांगायचं तर तुमच्याशिवाय जायचं जिवावर यायचं. पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घट्ट धरून तुम्ही बसलेल्या नसाल, समोरून येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघून "ही पंधरा मिनिटं उशिरा धावतेय" म्हणत नसाल, तर ती सहल कसली? पण या रविवारी मुंगीने स्वतःच डबा भरला, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि बूट घालून दाराशी बसून राहिली. तोंडाने काही बोलली नाही. हे मात्र ती थेट तुमच्यावर गेली आहे.

वाटेत तिला मी तुमची गोष्ट सांगितली, ती तिला माहीतच नव्हती. आजी बस स्टँडवर तिकीट खिडकीत बसायची, लोकांना गावोगावची तिकिटं द्यायची, आणि स्वतः मात्र कुठेच गेली नव्हती. ड्रायव्हर, कंडक्टर खिडकीशी येऊन सांगत, अमक्या वळणावर कुणीतरी घर उलटं बांधलंय, छपरावर उभं असलेलं. तमक्या घाटात गाडी बंद केली तर आपोआप चढ चढते. तुम्ही ते सगळं मनात साठवत गेलात. निवृत्त झालात त्या आठवड्यात मला म्हणालात, "मला देवळं नकोत आणि समुद्रही नको. मला ते उलटं घर दाखव." मी तेव्हा नुकतीच गाडी शिकले होते. तुम्ही घाबरला नाहीत, किंवा घाबरलात तरी दाखवलं नाही.

त्या उलट्या घरात आपण तिघी छतावरून चालत होतो आणि जेवणाचं टेबल डोक्यावर लटकत होतं. मुंगी तेव्हा कडेवर होती, ती टेबलावरची प्लॅस्टिकची केळी ओढायला बघत होती. मग रविवार तुमचाच झाला. ती खोलीएवढी चहाची किटली आठवते, जिच्यात आपण बसून आपला थर्मासमधला चहा प्यायलो? आणि कुलुपांचं संग्रहालय, जिथे पोहोचलो तर मालकच बाहेर पायरीवर बसलेला, कारण किल्ली आत राहिलेली. तुम्ही एवढ्या हसलात की तो बिचारा आधी चिडला आणि मग आपल्याबरोबर डबा खायला बसला. कुठे जायचं हे ठरवायची तुमची एकच अट असायची. जागा बघून माणसाने म्हटलं पाहिजे, "हे कशाला केलंय?" उत्तर सापडलं नाही की तुम्ही खूश.

तुमचा मुलगा कधी आला नाही आपल्याबरोबर. पहिल्यांदा म्हणाला काम आहे, नंतर म्हणाला त्यात काय बघायचं, आणि मग आपण विचारायचंच सोडलं. तो रविवारी घरी काय करायचा, कोण यायचं, हे मला कळलं तेव्हा तुम्हालाही कळलं. ते दिवस मी इथे पुन्हा उगाळणार नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तुम्ही माझा हात धरलात, काहीतरी बोलायला गेलात आणि न बोलता रिक्षात बसलात. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे यायच्या थांबलात. मी बोलावलं, तुम्ही टाळलंत. आधी मला वाटलं, दमल्या असतील. मग वाटलं, शेवटी पोटचा मुलगा तो मुलगाच, सुनेचं नातं कागदावर सुरू होतं आणि कागदावरच संपतं. वाईट वाटलं, पण मी ते गिळलं. मुंगीला सांगितलं, आजीचे गुडघे दुखतात.

आता देवमाशाबद्दल. त्याचा निळा रंग पार उडालाय, एक डोळा गळून पडलाय आणि तिथे मालकाने गाडीचं चाक बसवलंय, तेही मधल्या पत्र्याच्या टोपीसकट. बाकी सगळं तसंच आहे. जबड्यातून वाकून आत जायचं, पोटात लोखंडी बरगड्यांना टेकून बाक, आणि शेपटीतली घसरगुंडी. मालक तोच, तोच मळका शर्ट. मुंगीला त्याने लगेच ओळखलं, उंची हाताने दाखवून म्हणाला, "एवढी होतीस." त्याने नळ सोडून देवमाशाच्या डोक्यातून कारंजं उडवून दाखवलं आणि मुंगी घसरगुंडीकडे पळाली. मी बाकावर बसले तर तो म्हणाला, "आजींचा गुडघा काय म्हणतोय? त्या दिवशी फार लंगडत होत्या."

मी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

अहो आई, त्या माणसाला तुम्ही शपथ घातली होती म्हणे. पण देवमाशाच्या पोटात जन्म काढला तरी त्याच्या स्वतःच्या पोटात काही राहत नाही. त्याने सगळं सांगितलं. तुम्ही रविवारी बसने येता. फाट्यावर उतरून तेवढं अंतर उन्हातून चालत येता. तिकीट काढता, आत येऊन याच बाकावर बसता, आणि जबड्यातून रस्त्याकडे बघत राहता. पहिल्या खेपेला तुम्ही त्याला विचारलंत, "एक बाई आणि चष्मा लावलेली छोटी मुलगी येऊन गेली का?" तो नाही म्हणाला. पुढच्या खेपेला तुम्ही विचारलं नाहीत, त्यानेच न विचारता मान हलवली. उलट्या घराकडेही जाता, असं तुम्ही त्याच्याकडे बोललात. आम्हाला दुरून बघायचं आणि निघून जायचं, एवढंच तुमच्या मनात होतं.

त्याने तुम्हाला विचारलं होतं, एवढी माया आहे तर घरी का जात नाही? तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. "दर रविवारी मीच तिला घराबाहेर काढत होते. मला हौस, आणि घर तिचं मोडलं. आता कुठल्या तोंडाने तिच्या दारात उभी राहू?"

त्याने मला पाणी दिलं. मुंगी केव्हाच घसरगुंडीवरून परत येऊन जबड्यात उभी होती, कपडे धुळीने माखलेले. तिने किती ऐकलं कोण जाणे. परतीच्या वाटेवर ती मागे खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "म्हणजे आजी आपल्यावर रागावली नव्हती?" मी नाही म्हटलं. "मग आपण तिच्यावर रागावलो होतो?" त्यालाही मी नाहीच म्हटलं. थोड्या वेळाने तिनेच निकाल दिला, "मग हे काय चाललंय?"

हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं आहे. तुम्ही मला घराबाहेर काढलं नाहीत, अहो आई. ते घर आठवडाभर मला नकोसं असायचं. तो समोर बसून जेवायचा आणि माझ्याकडे बघायचाही नाही, ते तुम्ही आमच्याकडे आलात तरी तुमच्यापुढे कधी दिसू दिलं नाही मी. रविवारी गाडीत बसले की मला मोकळा श्वास यायचा. मी प्रत्येक रविवारी घरी बसून राहिले असते तरी त्याने दुसरा वार शोधला असता. माझ्याकडे त्या सगळ्या वर्षांतलं हसू जेवढं आहे ते तुमच्या वेड्या जागांमधलंच आहे, घर मोडल्याचं ओझं तुम्ही उचलू नका. आणि बसने जाऊन उन्हात चालणं आता पुरे. दुकानात येणाऱ्या एका ट्रकवाल्याने सांगितलंय, नदीपलीकडे कुणीतरी तीन मजली खुर्ची बांधली आहे, शिडीने चढावं लागतं, वर बसून करायचं काहीच नाही. कशाला बांधली, त्यालाही माहीत नाही. येत्या रविवारी सकाळी आम्ही तुमच्या इमारतीखाली येऊन हॉर्न वाजवू. तुम्ही आला नाहीत तर मी मुंगीला वर पाठवीन. तिला नाही म्हणून दाखवा.

तुमचीच,
मुंगीची आई