निकाहाचा पुरावा

अशफाक साहेब, मुक्काम कॅनडा,

उर्दूत लिहिलं असतं तर तुमच्या अम्मीनं वाचलं असतं, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहून राह्यली.

माह्या व्हिसाचा अर्ज दीड वर्षापासून अडकला हाय. दर सोमवारी मी मंगरूळपीरच्या ऑनलाइन सेंटरवर जाते आन् सेंटरवाले जमशेदभाई स्क्रीनकडं पाहून मान हलवते.

मागं तिकडच्या व्हिसावाल्या साहेबानं निकाहात दोघं सोबत असल्याचा फोटो मागतला. आपल्यात मर्दांचा मंडप वेगळा, बायकांचा वेगळा. सोबत फोटो येईन कुठून? अम्मीनं स्टुडिओतून दोन फोटो जोडून आणले आन् तेच पाठवाले लावले. त्यात तुमच्या बाजूच्या मामाले कापलं, पण तुमच्या खांद्यावर त्यायचा हात राहून गेला. साहेबाले शक आला. आता त्यानं आपल्या फोनची यादी मागतली, कोणी कोणाले कवा लावला त्याची.

काल जमशेदभाईनं यादी काढली. पानंच्या पानं मीच लावलेले फोन. तुमचे दोन. एक ईदचा, आन् एक अम्मीची शुगरची गोळी कोणती ते विचाराले.

"भाभी, पाठवू का?" त्यायनं माह्या तोंडाकडं न पाहता विचारलं.

मी यादी घडी करून पर्समधी ठेवली. ही चिठ्ठीबी तिथंच राहीन.

अम्मी त्या साहेबाले रोज शिव्या देते. मले त्याचा राग येत नाई. आपला निकाह खरा हाय का, हे आजवर त्यानं एकट्यानंच विचारलं.

अर्जातल्या रकान्यापुरती तुमची बायको,
नमरा