खालची अक्षरं

४ मार्च, मंगळवार

फुकटच्या सॉफ्टवेअरची खरी किंमत लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा मोह झाला तर वाचायला बरी. दोन दुपारी गेल्या. दोन डिस्क वाया गेल्या – त्यातली एक आता चहाच्या कपाखाली आहे, तिथे मात्र चोख काम करते. संगणकात न बोलावलेले तीन पाहुणे शिरले. त्यातला एक दर दहा मिनिटांनी विचारतो, तुमचा संगणक आजारी आहे, तपासू का? रागानं चष्मा टेबलावर आपटला, काडी गेली. आणि वर भाच्याचा उपदेश. तो सगळ्यात महाग पडला.

"मामा, फाईल नुसती उचलून डिस्कवर टाकायची नसते. प्लेयरला कळेल अशा रूपात ती आधी बदलायची, मग बर्न करायची."

हे त्यानं मला सांगावं. सोल्डरिंगच्या यंत्राचं गरम टोक कुठलं, हे ज्याला मी शिकवलं त्यानं.

५ मार्च

हा उद्योग मी का मांडलाय तेही लिहितो, नाहीतर महिन्याभरानं मलाच वाटेल म्हाताऱ्याला चळ लागला.

डिसेंबरात दुकान भाच्याच्या नावावर केलं. बायकोला विचारलं नाही, सांगितलं. तिथून हिचं बोलणं आटलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. पण मी काही विचारावं आणि हिनं भलतंच उत्तर द्यावं, किंवा उत्तरच देऊ नये. पूर्वी संध्याकाळी चहा आणि गप्पा असायच्या. आता चहा असतो. बेचाळीस वर्षं दुकानात गिऱ्हाइकांची कटकट ऐकली ती संध्याकाळी हिच्यापुढे त्यांच्या नकला करता याव्यात म्हणून. आता नकला कुणापुढे करू, फ्रीजपुढे?

गेल्या आठवड्यात हिनं आपणहून एक गोष्ट मागितली. नात हॉस्टेलवर गेली ती लॅपटॉप घेऊन. जाताना आजीच्या हातात पेनड्राइव्ह ठेवून गेली. दोघी मिळून ती जपानी कार्टून पाहायच्या, ते अर्धं राहिलंय. "एवढं आपल्या टीव्हीवर लागेल असं करून द्या," म्हणाली. तीन महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य.

आमच्या टीव्हीला पेनड्राइव्हची खाच नाही. जाडजूड, जुना, माझ्याच दुकानातला. भाचा म्हणतो, नवा घ्या. कुणाकडून, ते सांगायची गरज नाही. मी म्हटलं, डीव्हीडी प्लेयर आहे, मी स्वतः तीनदा उघडून बरा केलेला. डिस्क करीन. सगळे भाग करीन. मग बघू किती दिवस गप्प बसते.

७ मार्च

आज डिस्क चालली. पण कशी? वरातीतल्या घोड्यासारखी – दोन पावलं पुढे, एकदम थांब. भाच्याला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. "मामा, बर्न करायचा वेग शेवटच्या टोकाला ठेवलात. कमी करा." कमी केला. सुरळीत चालली. या एका वाक्याबद्दल तो आठवडाभर छाती काढून फिरेल. माझ्या ॲम्प्लिफायरच्या कपाटात मोबाइलची रंगीत कव्हरं टांगली आहेत त्यानं, सशाच्या कानांची. तरी छाती आहेच.

कार्टूनबद्दलही लिहिलं पाहिजे. एक उंच इमारत. तिच्यात लिफ्ट चालवणारी पोरगी. प्रत्येक मजल्यावर वेगळा ऋतू. पोरीला नाक जवळजवळ नाही, डोळे मात्र बशीएवढे. सर्वात वरच्या मजल्यावर तिचा बाप आहे म्हणे, तिथे लिफ्ट जात नाही. मग जिना का नाही? असलं विचारायचं नाही. सव्वीस भाग. एक जिना बांधला असता तर दुसऱ्या भागात संपलं असतं.

८ मार्च, शनिवार

आज दिवस माझा.

सगळं ठीक चाललं होतं, पण आवाज ओठांच्या मागे. पापणी लवावी एवढंच अंतर. भाचा समोर बसून पाहत होता, त्याला पत्ता नाही. "कुठाय मामा फरक?" कुठाय म्हणे! रेडिओ गुरगुरला की दारातूनच मी सांगायचो, कुठला भाग गेलाय. गिऱ्हाईक बोलायला लागलं की पहिल्या वाक्यात ओळखायचो, पैसे देणार की घिरट्या घालणार. भिंतीपलीकडे कोण कुणाला काय म्हणतंय तेही कळतं, इच्छा नसली तरी. माझ्या कानांतून आजवर काही सुटलेलं नाही. याच कानांवर घर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं झाली.

आवाज पुढे ओढून ओठांवर आणून बसवला. मग थोडी खरखर होती, तीही काढली. फाईलमध्ये आवाज दोन आहेत. एक जपानी, एक आपल्याला समजेल असा, डब केलेला. नात-आजी जपानी लावून खालची अक्षरं वाचत बसायच्या. मी समजेल तो आवाज घेतला आणि अक्षरं काढून टाकली. कानाला कळत असताना डोळ्याला कशाला शिणवायचं? चित्र कसं स्वच्छ, मोकळं दिसतं.

पहिली डिस्क हिच्या हातात दिली. डिस्क पाहून हसली. मनापासून. तीन महिन्यांनी.

१० मार्च

डिस्क परत आली. माझ्या टेबलावर, पाकिटात घालून, नीट.

"काय झालं? अडकते?"

"अक्षरं नाहीत."

"अगं, आता अक्षरं कशाला? बोललेलं सगळं समजतंय."

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षरं घालता येत असतील तर घाला. नसतील तर राहू द्या."

म्हटलं, आवाज तरी ऐकलास का कसा काढलाय? तर म्हणे, "हो, रंग छान आलेत."

रंग! हा टोमणा मी ओळखत नाही असं समजते काय?

११ मार्च

भाच्याला सांगितलं. त्याला हसू आवरेना. "मामींना जुनंच हवंय ना, द्या की मग." मी विचारलं, किती काम आहे? तो म्हणाला, अक्षरांची फाईल वेगळी असते. ती चित्रात पक्की बसवायची, म्हणजे प्रत्येक भाग पुन्हा पहिल्यापासून बदलायचा. "तुमचा संगणक बघता, मामा, एकेका भागाला अर्धी दुपार."

म्हणजे हा सूड आहे. दुकान दिलं ना न विचारता? बस आता, अक्षरं चिकटव.

१२ मार्च

नाही करणार.

१३ मार्च, गुरुवार

करतोय.

त्याचं असं झालं, काल संध्याकाळी ही बाल्कनीत बसली होती. समोरच्या शिक्षिकाबाई खालून जाताना काहीतरी म्हणाल्या, ही नुसती मान हलवून हसली. बाई पुढे गेल्यावर हसू पुसलं गेलं. हात मांडीवर. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तिथेच बघत होती. दिवा लावायलाही उठली नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून राग आला.

अक्षरं बसवायला घेतली. पहिल्या खेपेला पडद्याच्या इतकी खाली गेली की आमच्या टीव्हीनं अर्धी कापली. नुसत्या टोप्या दिसत होत्या. वर घेतली, तर पोरीच्या हनुवटीवर दाढीसारखी बसली. तिसऱ्यांदा जमलं. रंग पिवळा ठेवला, आकार मोठा. भाचा म्हणाला, "एवढी मोठी? दुकानाची पाटी आहे का मामा?" म्हटलं, दुकानाची पाटी तू उतरवलीस, मी इथे लावतोय.

तो मोबाइल चाळायला लागला. बरं वाटलं.

आवाजही राहू दिला, माझा, निवडलेला, साफ केलेला. तिला अक्षरं वाचायची तर वाचू दे. आवाज मी सोडणार नाही.

१५ मार्च, शनिवार

बोलली!

दुपारी मी दुकानात जाऊन बसतो तेव्हा हिनं चार भाग पाहिले. संध्याकाळी भाजी चिरता चिरता सुरू झाली ती थांबेचना. हिवाळ्याच्या मजल्यावरचा म्हातारा सगळ्यांना चुकीची वाट सांगतो, पण त्याच्यामुळेच त्या पोरीला बापाचा कोट सापडतो. मग ती लिफ्टमध्येच झोपते आणि लिफ्ट तिला हलके हलके जोजवत नेते. सांगताना हिचा सुरीचा हात थांबला होता. इतका मूर्ख प्रकार मी आयुष्यात ऐकला नाही. एक शब्द सोडला नाही.

मध्ये मी तीनदा विचारलं, बाप वर करतो काय? उत्तर नाही. पाठमोरी होती, सांगत राहिली आपलं आपलं. म्हणजे राग पूर्ण गेलेला नाही. माझ्याशी बोलते, मला उत्तर देत नाही. बायकांच्या रागाला असे मजले असतात, लिफ्ट सावकाश उतरते.

१६ मार्च, रविवार

नातीचा फोन. तक्रार अशी की आजी फोनवर बोलतच नाही, फक्त मेसेज लिहिते. म्हटलं, बाई आता आधुनिक झाल्या आहेत, बोटांनी बोलतात. सगळ्या घराला पडद्याचं वेड लागलंय. नात हसली. मग म्हणाली, "आजोबा, पण अक्षरं घातलीत ना? आजीला ती लागतात." म्हटलं, घातली, तुझ्या आजीनं नाक घासायला लावलं.

पुढचे दोन भाग तयार केले.

१८ मार्च, मंगळवार

आज चहाला मुद्दाम समोरासमोर बसलो आणि सरळ विचारलं, "आवाज कसा आहे? खरं सांग."

माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, "आवाज तर फारच छान केलात. कालपासून सारखं मनात येतंय, तुमच्या हाताला तोड नाही."

लगेच दुकानात जाऊन भाच्याला ऐकवलं. म्हटलं, बघ, जिनं बेचाळीस वर्षांत माझ्या एका रेडिओचं कौतुक केलं नाही, तिलाही फरक ऐकू आला. कान तयार करावे लागतात, मिळत नाहीत. कव्हरं विकून होत नाहीत. मान खाली घालून सशाचे कान सरळ करत बसला.

दुकानाचा राग संपला. मी जिंकलो असं लिहायला हरकत नाही.

१९ मार्च, बुधवार

दुकानाच्या बाजूची वीज गेली, लवकर घरी आलो. टीव्ही चालू. ही पडद्यापुढे बसून खुदखुदत होती. दारातून हाक मारली. मग मोठ्यानं. वळली नाही. टीव्हीचा आवाज शून्यावर आहे. रविवारी नातीचा फोन आला तेव्हा मीच तो खाली नेला होता.