चार घसे, दोन कान

३ नोव्हेंबर

अखेर घोषणा झाली. एप्रिलपासून नुसत्या सूचना चालल्या होत्या, त्यांचा समाचार याच वहीत मागे घेतलेला आहे. धाकट्या बंधूंनी आज चहाच्या वेळी, कपही खाली न ठेवता, जाहीर केले — "दादा, पुढच्या महिन्यापासून तू काउंटरवर बस. चाव्या घे, गिऱ्हाइकांशी बोल. तुझ्याइतकं छान कोण बोलतं?"

ही पदोन्नती आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर लिहिले होते. अक्षर मात्र गिचमिड होते.

एकतीस वर्षे मी इंजिनांचा श्वास ऐकून तो सुरळीत करीत आलो. गॅरेजात मला 'कान' म्हणतात. खरे नाव बहुधा आयकरवाल्यांनाच ठाऊक असावे. आणि आता या कानाने काउंटरवर बसून "गाडी संध्याकाळी मिळेल" हा एकपात्री प्रयोग रोज करायचा! बावन्नाव्या वर्षी माणूस वानप्रस्थास निघतो हे ऐकून होतो. तो काउंटरमार्गे जातो हे नव्हते.

४ नोव्हेंबर

दंतवैद्य बाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक. गाडी पंचवीस वर्षांची, चार सिलिंडरांची, बाईंच्या बहुतेक रुग्णांपेक्षा सुस्थितीत. डिकीत एक खोके. खोक्यात चार थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा, त्यांच्या तोंडावर बसणाऱ्या चार तुताऱ्या, दांडे, स्क्रू, सर्व संच. मागणी — मूळची एक काढून या चार बसवा, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र.

प्रयोजन विचारले. "दिवसभर लोकांचे घसे बघते हो. उघडले की ओरडतात. एक तरी असा हवाय जो उघडला की गाईल."

युक्तिवाद बिनतोड. खोके उतरवून घेतले.

सर्वसामान्य इंजिन म्हणजे एकत्र कुटुंब. हवा एकाच दारातून येते आणि मग आत चौघांत वाटली जाते. येथे प्रत्येकाला आपापले दार, आपापली झडप. चार चुली! पण पाय दाबला की चारही झडपा केसाइतकाही फरक न करता उघडल्या पाहिजेत. एकाला हवा जास्त, दुसऱ्याला कमी, असे झाले की इंजिन प्रथम थरथरते, मग खोकते, मग भाऊबंदकीवर येते.

धाकटा म्हणाला, "हवेचं मीटर आणू कुणाकडून तरी." मी म्हटले, कानाने जुळवीन. त्यावरून शर्त ठरली. मी कानाने जुळवायचे, त्याने मीटरने तपासायचे. चारही आकडे सारखे आले तर मी हत्यारांपाशी, तहहयात. न आले तर काउंटर.

"चालेल," तो म्हणाला. जरा सावकाशच म्हणाला.

७ नोव्हेंबर

चौघांत हवा वाटणारे जुने मॅनिफोल्ड उतरवले. सातव्या नटाने सत्याग्रह केला. तापवला, तेल पाजले, विनवणी केली, शेवटी अपशब्द वापरले. अपशब्दाने सुटला. सभ्यतेच्या मर्यादा यंत्रांना अधिक चांगल्या कळतात.

११ नोव्हेंबर

चारही बसल्या. पॅकिंगची कड दोन ठिकाणी भोकात डोकावत होती, ती पात्याने कापून भोकाशी समतल केली. ब्रेकला लागणारे हवेचे शोषण पूर्वी एका जागेवरून मिळे. आता चारही घशांतून बारीक नळ्या काढून एका डबीत एकत्र केल्या. म्हणजे चुली चार, पण पाणवठा एक.

पेट्रोलचा हिशेब ठेवणारा कंप्युटर धाकट्याच्या अखत्यारीत. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन तास बसला होता. मध्येच म्हणाला, "हे मस्त दिसतंय रे, दादा." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघे एका बोनेटखाली होतो.

१४ नोव्हेंबर

आज श्रवणयज्ञ.

विधी सोपा आहे. हातभर रबरी नळी. एक टोक तुतारीच्या तोंडाशी, दुसरे कानाशी. आत जाणाऱ्या हवेचा फुत्कार ऐकायचा. मोठा असेल तर स्क्रू बंद करायचा, लहान असेल तर उघडायचा. चारही फुत्कार एकरूप झाले की मोक्ष.

पुढच्या दोन तुताऱ्या उजव्या कानाने ऐकल्या. मागच्या दोघी आत, काचेच्या बाजूला. तेथे बोनेट डोक्याला लागते, म्हणून मान वळवून डाव्या कानाने. अशीच एकतीस वर्षांची रीत. दोन तासांत चौघी एका सुरात आणल्या. हात पुसून उभा राहिलो, विजयी सेनापतीसारखा.

आणि इंजिन थरथरू लागले.

१५ नोव्हेंबर

धाकट्याने मीटर लावले. पहिल्या दोघींचा आकडा चार. मागच्या दोघींचा सहा.

"जोड्या बघ, दादा. चार-चार, सहा-सहा. तंतोतंत. नुसत्या दोन घरांत अबोला आहे."

"मीटर बिघडलेले असेल."

"असेल," तो म्हणाला. वाद घातला नाही. वाद घालणारा भाऊ परवडतो. समजून घेणारा भाऊ भयंकर. मुदत मागितली. महिनाअखेरपर्यंत मिळाली.

१७ नोव्हेंबर

हवा कोठून चोरटी शिरते का ते पाहिले. जोडांवर पेट घेणाऱ्या द्रवाचा फवारा मारला. इंजिनाचा वेग वाढला नाही, म्हणजे गळती नाही. दोन जोड्यांना जोडणारा दांडा काढला, सरळ पट्टीवर ठेवला. सरळ. माझ्यापेक्षा सरळ.

पुन्हा नळी, पुन्हा कान, पुन्हा तेच. माझ्या कानाला चौघी सारख्या. मीटरला चार आणि सहा.

घरी ही म्हणाली, "अहो, तीनदा विचारलं, भाजी वाढू का?" मी म्हटले, चिंतनात होतो. "तुम्ही ऐकतच नाही हल्ली माझं." विवाहाच्या चोविसाव्या वर्षी ही तक्रार वैद्यकीय नसून सांस्कृतिक असते, असे मी उत्तर दिले. ती हसली नाही. भाजी वाढून गेली.

१९ नोव्हेंबर

काही सुचले नाही.

२० नोव्हेंबर

सुचले. सुचले नसते तर बरे होते.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. पहिल्या तुतारीशी नळी धरली, उजव्या कानाने ऐकत होतो. मानेत लचक भरली म्हणून नळी सहज डाव्या कानाशी नेली.

फुत्कार अर्धा झाला.

स्क्रूला हात लावला नव्हता. इंजिन तेच, तुतारी तीच, हवा तीच. पुन्हा उजवा — भरघोस. पुन्हा डावा — कोणीतरी दुसऱ्या खोलीत कुजबुजते आहे तसा. दहा वेळा केले. अकराव्या वेळी नळी खाली ठेवली.

मागच्या दोघी मला नेहमी क्षीण ऐकू येत, म्हणून मी त्यांना अधिक उघडत होतो. जोड्या तंतोतंत, कारण प्रत्येक जोडीला एकच कान. मीटर निर्दोष. दांडा निर्दोष. पॅकिंग निर्दोष. सर्व आरोपी सुटले. न्यायाधीशच गुन्हेगार निघाला.

किती दिवसांपासून? किती गाड्या? गेल्या वर्षी एक टॅक्सीवाला सांगत होता, "इंजिन जरा थरथरतंय हो, साहेब." मी त्याला इंधनाच्या शुद्धतेवर व्याख्यान दिले होते.

कोणाला सांगितले नाही.

२१ नोव्हेंबर

कर्णतज्ज्ञाकडे गेलो. काचेच्या पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. डाव्या कानाचे उंच स्वर गेलेले आहेत. ग्राइंडर, हातोडा, हवेची गन — एकतीस वर्षांचा नैवेद्य. परत येत नाहीत म्हणे.

"उजवा?"

"उजवा चांगला आहे. सांभाळा."

घरी येऊन हिला सांगितले.  ती म्हणाली, "वर्षभर मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय." एक वर्षभर ही बाई असे समजून माझ्या ताटात भाजी वाढत होती. यावर करण्यासारखा विनोद मला सापडला नाही. शोधलाही नाही.

२३ नोव्हेंबर

बोनेटच काढून टाकले. चार बोल्ट, दहा मिनिटे. आता डोक्याला काही लागत नाही. मडगार्डवर गादी टाकून पालथा पडलो आणि चारही तुताऱ्या उजव्या कानाने ऐकल्या. मागच्या दोघी पाव-पाव फेरा बंद. थरथर ओसरली. पाय दाबला. चार घसे एकदम उघडले आणि भिंतीवरचे पाने किणकिणले.

बाई खरे सांगत होत्या. ओरडणे आणि गाणे यांत फरक असतो.

२४ नोव्हेंबर

मीटर — चार, चार, चार, चार.

धाकट्याने दोनदा तपासले. "जिंकलास, दादा. बोनेट का काढलं होतंस?"

"उकडत होते."

दंतवैद्य बाई गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत म्हणून गेल्या आणि वीस मिनिटांनी परतल्या. केस विस्कटलेले. "असा घसा मी आयुष्यात पाहिला नाही," म्हणाल्या. पुढच्या तपासणीचे शुल्क माफ. माझे दात सर्व शाबूत आहेत, हे दुर्दैव.

२६ नोव्हेंबर

शर्त जिंकली, आणि दोन दिवस धाकट्याच्या नजरेला नजर देणे टाळतो आहे. चार आकडे सारखे आले, हे सत्य. कानाने आणले, हेही सत्य. पण शर्त दोन कानांच्या माणसाने लावली होती.

धाकट्याला सांगितले पाहिजे. तो हसेल, मान हलवेल, "म्हटलं नव्हतं?" म्हणेल. म्हणू दे.

२७ नोव्हेंबर

सांगितले. तो पाना पुसत होता, पुसतच राहिला.

"मला एप्रिलपासून माहितीये. एक पांढरी गाडी रॅम्पवरून मागे घसरत होती. तू खाली, पाठमोरा. तुझ्या डाव्या अंगाने तीन हाका मारल्या, दादा. तू वळलाच नाहीस. मी आत उडी मारून ब्रेक दाबला. तुझ्यापासून वीतभर लांब थांबली. तुला कळलंही नाही, तू गुणगुणत होतास."

"मग सांगितले का नाहीस?"

"तुला? तुझ्या कानाबद्दल?"

सात महिने मी त्याच्याविषयी जे जे लिहिले, ते याच वहीत आहे. पाने फाडणार नाही. उद्या जरा लवकर जाऊन काउंटरची खुर्ची पुसून घेईन.