डाव्या हाताची मूठ

॥ श्री ॥

कोरेगाव,
ता. ९ मार्च १९६३

चि. सौ. चंद्राबाई हिस, थोरला भाऊ नाथाजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की, हे पत्र आणणारा केरबा गुळाच्या ट्रकबरोबर सांगलीच्या पेठंत येतोय. त्याच्यापाशी पोत्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू हाय, ती धनाजीच्या हवाली कर. त्याचीच जुनी गळाची काठी हाय. पलटणीत जाताना आढ्याला बांधून गेलता, तवापास्नं कुणी हात लावला न्हवता.

काठीला पाक म्हातारपण आलतं. वार्निस उडालं हुतं, दोरी जायच्या कड्या ढिल्या झालत्या. काचेच्या तुकड्यानं सगळी खरवडून काढली, कड्या नव्यानं रेशमानं आवळल्या आन् वर वार्निसाचे हात दिले. एक हात वाळायच्या आत तुझ्या वैनीच्या कोंबड्या परड्यात नाचल्या, पिसं चिकटली, मग पुन्हा खरवड! आता डोळं चुरचुरत्यात, सुईत दोरा जात न्हाई. पर मी पलटणीत असताना साहेबाच्या काठ्या दुरुस्त करता करता ही खोड लागली ती लागली. तू हसशील, गळ्यात माळ आन् हातात गळाची काठी. गावातले बुवाबी हसत्यात. मी त्यांना सांगतो, पोरगं जितं परत यावं म्हणून मासा सोडलाय, काठी सोडली न्हाई. पाण्यावर जाता येत न्हाई म्हणून दोरीला भरलेला तांब्या बांधतो आन् परड्यातच ताण बघतो.

मूठ मातुर नवी हाय. जुनी उजव्या हाताची हुती, ती करवतीनं कापली. आता डाव्या हाताची बसवलीय, अंगठ्याची खोबण त्या अंगाला. कंपाउंडरकडनं बाटल्यांची बुचं मागून आणली आन् एकाला एक चिकटवून घासली.

चंद्रा, मनातलं सांगतो. चीनच्या लढाईत बर्फानं पोराचा उजवा हात खाल्ला. पुण्याच्या मिल्ट्री दवाखान्यातनं पोरगं सुटलं, रेल्वेत बसलं, कोरेगाव टेसन आलं तरी उतरलं न्हाई. तसंच मिरजंला जाऊन तुझ्या दारात. गावानं हात बघू नये म्हणून. तुझी वैनी गाडीची शिट्टी झाली की हातातलं काम टाकती. काठी बघून त्याचं मन घराकडं वळावं, एवढंच मागणं हाय. दुसरं काय मागत न्हाई.

आप्पासो पाव्हण्यांस रामराम. भावावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
नाथाजी


॥ श्री ॥

सांगली,
ता. १७ मार्च १९६३

ति. स्व. दादा यांस, धाकटीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

काठी पोचली. केरबा जेवून, सुपारी खाऊन, सगळ्या गावाच्या बातम्या सांगून निघाला. इकडे सगळे खुशाल, म्हणजे खुशाल म्हणायचं.

दादा, रागावू नकोस, पण हे रे काय करून बसलास? धनाजीनं पोतं सोडलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला होता! इथं आल्यापासून मी तसा बघितला नव्हता. काठीवरनं हात फिरवला, कड्यांमधनं डोळा लावून बघितलं, मला म्हणाला की आबांनी आवळलेल्या रेशमाचं टोक अजून कुणाला सापडायचं नाही. मग मूठ हातात धरली. खोबणीत अंगठा बसेना. बसणार कसा? त्यानं उजवा घातला होता. दोनदा फिरवून बघितलं, मग त्याच्या ध्यानात आलं. काठी दाराआड उभी केली, जेवायला बसला आणि पानावरनं तसाच उठला. नंतर एवढंच म्हणाला की दवाखान्यातल्या डॉक्टरनं कापायच्या आधी मला विचारलं तरी होतं.

मी कपाळाला हात लावला.

हातावर पंचा टाकूनच बसतो. हे त्याला हळदीच्या वखारीत काट्यावर बसवायला तयार आहेत. पगारही ठरवलाय. पण तिथं माणसांची ये-जा, म्हणून नको म्हणतो. भर दुपारी घाट ओस पडला की नदीवर एकटा जाऊन येतो. भाजी कुठली करू विचारलं तर कुठलीही म्हणतो. दादा, मी पण दमले रे. रोज एखाद्याच्या तोंडाकडं बघत जेवायला वाढायचं, हे सोपं नाही.

आणि तुझा नवस त्याला केरबानं सांगितला. त्यावर म्हणाला की आबा मासे खात होते म्हणून तिकडं बर्फ पडत होता काय! माळ घालणाऱ्यानं आधी पोराला विचारावं, आणि मूठ कापणाऱ्यानंही. हे माझं म्हणणं.

वैनींना नमस्कार. रागावलास तरी पत्र धाडायचं बंद करू नकोस.

तुझी,
चंद्रा


॥ श्री ॥

कोरेगाव,
ता. २४ मार्च १९६३

चि. सौ. चंद्राबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन् घास गोड लागला न्हाई. एवढी मरमर करून वर बोलणीच खायची! करायला गेलो गणपती आन् झाला मारुती, दुसरं काय.

अगं, मला काय म्हाईत त्याची किती बोटं ऱ्हायलीत? पुण्याला भेटायला गेलतो तवा हाताला कोपरापातुर पट्ट्या. नुसतं गाठोडं दिसत हुतं. मी चहा आणतो म्हणून भाईर गेलो. भाईरच्या कट्ट्यावर बसलो, चहा निवला, गाडीची येळ झाली. जातो म्हणून दारातनंच सांगितलं आन् निघालो. म्हणून मला वाटलं, सगळाच हात कामातनं गेला. मग डाव्याचीच मूठ करायची की न्हाई, तूच सांग.

तवापास्नं एकदाबी तो हात म्या बघितलेला न्हाई. वैनीनंबी न्हाई. परवा पाडवा. ती म्हणती गुढी उभी करायची तर पोरगं घरात पायजे. मी म्हणलं, वेळू म्या धरतो. तर म्हणली, गुढी तुमच्यासाठी न्हवं, पोरासाठी हाय. रुसून बसलीय.

तूच त्याला इचार. कुठलं बोट हाय, कुठलं न्हाई, पकड किती हाय. बाईमाणसानं इचारलं तर चालतं. माझ्यानं हुत न्हाई. उसाला पाणी चाललंय, कंबर धरलीय, आता जास्त लिहवत न्हाई.

पाव्हण्यांस रामराम. तुझ्या घरात माझी आठवण असू दे.

नाथाजी


सांगली,
ता. ३० मार्च १९६३

ति. स्व. दादास नमस्कार. वि. वि.

हे कार्डच धाडते, म्हणजे मोठं भांडण मावणार नाही.

मी विचारणार नाही. तुम्ही बापलेक एकमेकांचे निरोप माझ्या चुलीवरनं धाडता आणि चटके बसतात मला. जपान्यांच्या गोळीपुढं उभा राहिलास म्हणून गावभर सांगतोस ना? मग पोटच्या पोराच्या हाताला कसला भितोस? तूच लिही. त्याच्या नावानं लिही, माझ्या नावानं नको. तो तुझ्या पत्राची वाट बघतो. पोस्टमन आला की पंचा सावरून उठतो, आणि पाकिटावर माझं नाव बघून परत बसतो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

तुझीच, भांडखोर,
चंद्रा


॥ श्री ॥

कोरेगाव,
ता. ५ एप्रिल १९६३

चि. धनाजी यास, आबाचा आशीर्वाद.

तुझी आत्ती म्हणती मीच इचारावं, म्हणून इचारतो.

मूठ चुकली. माप न घेता कापली. ज्याची काठी त्याच्या हाताचं माप घ्यायचं, हे तुला परड्यात बसवून म्याच शिकवलं हुतं, आन् म्याच इसरलो. इसरलो न्हाई खरं तर. माप घ्यायला हात बघावा लागतोय.

एक कागद घे. त्याच्यावर उजवा हात ठेव आन् भोवतीनं पेन्सिल फिरव. जेवढा हाय तेवढा. कुठं दुखतंय, कुठं जोर लागतोय, तेबी लिही. द्यायचा नसला तर तसं कळीव, मी पुन्हा म्हणणार न्हाई. काठीचं खालचं कांडं जोडातनं सुटतंय, ते केरबाबरोबर धाड. तो पुढच्या खेपंला येणार हाय.

आई बरी हाय. लय बरी न्हाई, पर बरी हाय. बैल इकला, दुसरा बघतोय. आन् काय लिहू?

आशीर्वाद हायतच, ते तू ठेवून घे.

आबा


सांगली,
ता. १४ एप्रिल १९६३

ति. स्व. आबा यांस, धनाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळाले. कांडं केरबाबरोबर देतोय. सोबत कागद आहे.

रेघ वाकडी दिसेल. पेन्सिल डाव्या हातानं फिरवलीय म्हणून. हात तेवढा वाकडा नाही.

अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट मुळापासून नाहीत. त्याच्या पुढचं अर्धं आहे, करंगळी पुरी आहे. अंगठा शाबूत. त्यात जोर आहे, आत्तीच्या तेलाच्या बाटलीचं बूच निघतं. बोटं नाहीत तिथं थंड पाणी लागलं की कळ येते. नसलेली बोटं दुखतात हे डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला की सगळ्यांचंच तसं होतं. आमच्या तुकडीत बर्फानं पुष्कळांची बोटं गेली. काहींचे पाय गेले. मी रडत नाही, पण लोकांनी हळहळत बघितलेलं सोसत नाही. आता जीव विटलाय त्याला. टेसनवर आई उभी असेल आणि सगळ्यांसमोर हात धरून रडेल म्हणून उतरलो नाही. दुसरं कारण नव्हतं. खिडकीतनं आपला ऊस दिसला. तुम्ही पाणी पाजत होता, पाठमोरे.

मूठ जाड करा. बारीक असली की हातातनं फिरते. आणि डाव्या मुठीवर राग काढला तेव्हा तुमच्या बाकीच्या कामाला काही बोललो नव्हतो, हे आत्तीनं लिहिलं नसेल. कड्या एकदम सरळ रेषेत आल्यात.

कागद आईला दाखवू नका.

आपला,
धनाजी


॥ श्री ॥

कोरेगाव,
ता. २ मे १९६३

चि. धनाजीस, आबाचे अनेक आशीर्वाद.

कागद आला. खोटं कशाला सांगू, घडी उघडली आन् पुन्हा मिटली. बंडीच्या खिशात घालून हिंडलो. काम सुचंना. मग एक दिवस परड्यात फळीवर टाचणीनं टाचला, म्हणलं आता तोंडासमोरच ऱ्हाऊ दे.

तुझ्या आईला दाखवू नको म्हणलास, पर ती काय आंधळी हाय व्हय? कोंबड्यास्नी दाणं टाकायला आली आन् हुबी ऱ्हायली. कशाचा नमुना हाय म्हणून इचारलं. तिनं शेणाचं हात लुगड्याला पुसलं आन् आपला पंजा त्या कागदावर ठेवला. लय येळ ठेवला. मला वाटलं आता हंबरडा फोडती. तर म्हणली, मनगट वाळलंय पोराचं, चंद्रा त्याला दूध देती का न्हाई? बोटांचं एक अक्षर काढलं न्हाई, धनाजी. चुलीपाशी गेली आन् तुझ्यासाठी म्हणून शेंगांची चटणी कुटाय लागली. ती बरोबर धाडलीय.

मग मला काम करता आलं. कांड्यावरची डावी मूठ काढून टाकली. बुचं जाड घेतली, कागदावर ठेवून ठेवून घासली. बोटं न्हाईत तिथं मूठ फुगीर ठेवलीय, म्हंजी तळहात भरून येईल. करंगळीला खाली खोबण, अंगठ्याला वर. पुन्हा खरवडायला नको म्हणून वार्निस अंधाऱ्या खोलीत वाळवलं, कोंबड्यास्नी डालग्यात कोंडून. त्यांनी शिव्या दिल्या आसतील, देऊ देत.

काम करताना माझीच दोन बोटं मिटून बघितली. पयल्या दिवशी पटाशीबी धरता येईना. दोन-चार दिसांनी जमाय लागलं. मी म्हातारा असून जमलं म्हणून लिहितोय, तुला शाणपण शिकवायला न्हाई.

मूठ चुकली असली तर पुन्हा धाड, पुन्हा करू. बुचं हायत. आमच्याकडं बघून राग सोड, हाय तो जीव लावून ऱ्हा.

तुझा आबा


सांगली,
ता. १२ मे १९६३

ति. स्व. आबा यांस व मातोश्रींस, धनाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

कांडं मिळालं. मूठ हातात बसली. चटणी आत्तीनं लपवून ठेवली होती, ती सापडली. दूध पुरेसं मिळतं असं आईला सांगा, नाहीतर आत्ती कायमची रुसेल.

काल घाटावर गेलो. दुपारी नाही, सकाळीच. पंचा घरी ठेवून. वाम लागावी अशी फार इच्छा होती, पण लागली ती शिंगटी, तीही बोटभर. काठी मात्र फिरली नाही. तिथं धुणी धुणारी एक दगडाबाई असते. तिनं माझ्या हाताकडं बघून सरळ विचारलं की बाबा, बोटं कुठं ठेवून आलास? मी म्हणालो, बर्फात. तर ती म्हणाली की माझ्या नवऱ्याची गुऱ्हाळाच्या चरकात गेली, आणि मासा बघू म्हणून पुढं आली. मासा बघून हसली. हाताबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही आणि धुणं आपटायला लागली. मी किती महिने कशाला घाबरत होतो, ते मला तिथं बसून आठवेना.

आबा, मी घरी येतोय. येत्या बाजारच्या दिवशी, सकाळच्या एस.टी.नं. बाजाराचा दिवस मुद्दाम धरलाय. रोज एकेकाला हात दाखवून तीच तीच कथा सांगायची ताकद माझ्यात नाही. सगळ्या गावाला एकदम दिसू दे, काय बोलायचं ते एकदाच बोलू देत.

तुम्ही स्टँडवर या. आईलाही आणा. ती रडली तर रडू दे, मी काही म्हणणार नाही. ट्रंक जड आहे, ती तुम्ही घ्या. पण काठी घ्यायला पुढं होऊ नका. भर पेठेतनं घरापर्यंत ती मीच धरून आणणार आहे, उजव्या हातात.

भेटेपर्यंत माया आहे तशी ठेवावी.

आपला,
धनाजी